हेड लेथवरून आलं, कॅम बसेना: एका पेट्रोल इंजिनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी घरगुती वापराची पेट्रोल हॅचबॅक. इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, हेडवर (ब्लॉकच्या वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट), टायमिंग चेन. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) नाही. व्हॉल्व्हवर रॉकर नाही, सेटिंगचा स्क्रू नाही, हायड्रॉलिक लिफ्टरही नाही. कॅमचा लोब (शाफ्टवरचा उंचवटा) थेट बकेट टॅपेटवर (उलट्या वाटीसारखा भाग) चालतो आणि बकेट व्हॉल्व्हच्या टोकावर बसते. लोब आणि बकेट यांच्यातली फट बकेटच्या जाडीवर ठरते. जाडी बदलायची तर बकेटच बदलायची, दुसरा मार्ग नाही. पुढे जे झालं ते सगळं या एका गोष्टीमुळे झालं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा बांधणीची इंजिनं बऱ्याच कंपन्यांनी काढली आहेत. खालचे आकडे या इंजिनचे आहेत, तुमच्या इंजिनचे त्याच्या मॅन्युअलमध्ये बघावेत.

मालक गडहिंग्लज भागातले शिक्षक. सावंतवाडीहून परत येताना आंबोली घाटात टेंपरेचरचा लाल दिवा लागला. अरुंद वळणं, मागे गाड्यांची रांग, म्हणून त्यांनी वर जाऊनच गाडी थांबवली. हीटरकडे जाणाऱ्या होजच्या जोडातून कूलंट गळून गेलं होतं. इंजिन निवल्यावर पाणी भरून ते आजऱ्यामार्गे घरी आले. दुसऱ्या दिवशी इंजिन थरथरत होतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत होती आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. कॉम्प्रेशन घेतलं तर पहिलं आणि चौथं सिलिंडर ठीक, दुसरं आणि तिसरं निम्म्यावर. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम खाली आली की त्या दोघांमधली गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेली हे जवळपास नक्कीच समजायचं.

गॅरेज छोटं. चालवणारा मिस्त्री आयटीआयमध्ये माझा विद्यार्थी होता, हात चांगला. हेड उतरवून त्यानं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपला, म्हणजे लेथवर, पाठवलं. ते ०.११ मिमी वाकलेलं निघालं. तडा नव्हता. ०.१५ मिमी फेसिंग झालं, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) कापल्या, व्हॉल्व्ह ग्राइंड केले, स्टेम सील नवे घातले. काम स्वच्छ होतं. गणपती तोंडावर आले होते आणि मालकांना कोकणात गावी जायचं होतं, म्हणून हेड आलं त्या संध्याकाळीच नवी गॅस्केट घालून ते ब्लॉकवर चढवलं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आणि त्यापुढे ठरलेल्या अंशांपर्यंत आवळले, आणि मग कॅम हातात घेतले.

अडचण कुठे आली

फोन आला तो असा: "सर, एक्झॉस्टचा कॅम जाम हाय. आणि एका कॅपचा बोल्ट नुसता फिरालाय."

गेल्यावर दिसलं ते सांगतो. क्रँक पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) उभा होता. इनटेकचा कॅम बसला होता, एक्झॉस्टच्या पाचही कॅप (कॅमला हेडमधल्या घरांत वरून धरणारे तुकडे) आवळल्या होत्या. आवळायला वापरला होता टी-पाना, कारण गॅरेजमधला टॉर्क रेंच अर्ध्या इंचाचा होता, ४० न्यूटन-मीटरपासून पुढचा. या कॅपचे बोल्ट एम-६, त्यांना टॉर्क ११ न्यूटन-मीटर. त्या मोठ्या रेंचला ते समजतच नाही. तिसऱ्या कॅपच्या एका बोल्टचे हेडमधले आटे गेले होते.

लेथवरून कॅप आणि सोळा बकेट एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्या होत्या. कॅपवर खुणा असतात: इनटेक की एक्झॉस्ट, नंबर, आणि टायमिंगकडची दिशा दाखवणारा बाण. बकेटवर कुठल्या घरातली याची खूण नसते. ती सोडवताना आपणच ठेवायची असते, आणि इथे बकेट काढल्या होत्या लेथवर.

क्रँकला हात लावू नकोस, एवढं पहिल्यांदा सांगितलं. या इंजिनमध्ये उघडा व्हॉल्व्ह वर आलेल्या पिस्टनला लागू शकतो. कॅम कुठल्या कोनात जाम झालाय, कोणते व्हॉल्व्ह किती उघडे आहेत, हे माहीत नसताना क्रँक फिरवणं म्हणजे व्हॉल्व्ह वाकवायची तयारी. आधी दोन्ही कॅमच्या कॅप बाहेरून मधल्या कॅपकडे, अर्धा-अर्धा आटा करत सगळ्या सारख्या ढिल्या केल्या आणि कॅम काढले. व्हॉल्व्ह सगळे बंद झाल्यावर क्रँक टीडीसीपासून ९० अंश फिरवला. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये या जागी चारही पिस्टन मधोमध उभे राहतात, कुठलाच व्हॉल्व्ह पिस्टनपर्यंत पोचत नाही. कॅम बसवायची सुरुवात इथून व्हायला हवी होती. "आधी टीडीसी धर" ही सवय जुन्या, बिनधोक इंजिनांवर लागलेली आहे.

कॅम जाम का होता: दोन संशय

पहिला संशय मोठा होता. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं तेव्हा ते खालच्या बाजूनेच वाकतं असं नाही, अख्खं हेड वाकतं. फेसिंग केलं की खालचा पृष्ठभाग सपाट होतो, पण वरची कॅमची घरं जिथे वाकलीत तिथेच राहतात. मग कॅम सरळ आणि घरांची ओळ कमानीसारखी, असं होतं. तसं असेल तर हेड भट्टीत गरम करून सरळ करणं, ओळीत बोअरिंग करणं, नाहीतर हेडच बदलणं. तिन्ही गोष्टी खर्चिक आणि गणपतीच्या आत न होणाऱ्या.

दुसरा संशय साधा: कॅप अदलाबदल झाल्या असतील. कॅप आणि हेड एकत्र बांधून कारखान्यात घरं बोअर करतात. त्यामुळे प्रत्येक कॅप तिच्याच जागेची असते. दिसायला सगळ्या सारख्या, पण दुसऱ्या जागी घातली की शाफ्टला एका बाजूनं चावते.

हे ओळखायला बकेट सगळ्या बाहेर काढल्या. बकेट नसल्या की कॅमवर स्प्रिंगचा जोर येत नाही, म्हणजे अडकतोय तो फक्त घरांमुळे. घरांना इंजिन ऑइल लावून एक्झॉस्टचा कॅम ठेवला, कॅप आहेत तशा बसवून हलक्या हातानं आवळल्या. कॅम जड. मग एक-एक कॅप ढिली करून बघितली. हेड वाकलेलं असतं तर मधली कॅप ढिली केल्यावर कॅम मोकळा व्हायला हवा. इथे मधलीनं काही फरक पडला नाही. दुसरी ढिली केली की थोडा मोकळा, चौथी ढिली केली की बोटानं फिरतो. पेट्रोल आणि पितळी ब्रशनं कॅपवरचा काळा थर काढला आणि चाराचा आकडा दुसऱ्या जागी सापडला, दोनाचा चौथ्या. जागा बदलल्यावर कॅम दोन बोटांत फिरला.

एवढ्यावर मी समाधान मानलं नाही. दोन्ही कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजनं वाक बघितला. ०.०३ मिमीच्या आत होता. चुकीच्या कॅपनी घराला ओरखडा पाडला असेल तर ऑइलची फट बिघडते, म्हणून प्लॅस्टिगेजचा (दाबली की पसरणारी मऊ पट्टी) तुकडा ठेवून कॅप टॉर्कवर आवळल्या आणि दबलेल्या पट्टीची रुंदी मापली. तेही मर्यादेत निघालं. प्लॅस्टिगेज आत असताना कॅम जराही फिरवायचा नाही, नाहीतर पट्टी फरफटते आणि माप खोटं येतं. एक्झॉस्टच्या दोन्ही घरांत फिकट चमक आली होती, नखाला लागत नव्हती. सोडून दिली.

खरी अडचण: फट

इथपर्यंत सगळे खूश होते. मिस्त्रीचं म्हणणं, आता एक बोल्ट तेवढा बघू आणि बांधू. मी फीलर गेज (फट मापायच्या पातळ पात्यांचा संच) मागितलं.

या इंजिनला थंड असताना इनटेकची फट ०.१८ ते ०.२२ मिमी आणि एक्झॉस्टची ०.२८ ते ०.३२ मिमी लागते. बकेट घालून कॅम बसवले. तिसऱ्या कॅपचा आटा गेलेला बोल्ट काढला, पण त्या कॅपचा दुसरा बोल्ट हलका धरून फक्त मापण्यापुरतं काम भागवलं. चेन नसल्यामुळे कॅम हवा तसा पान्यानं फिरवता येत होता. लोब वर करून एकेका बकेटवरची फट घेतली. इनटेकला आठापैकी दोन बरोबर, एक चक्क ०.२७, बाकीच्या ०.०७ ते ०.१४. एक्झॉस्टला तीन ठिकाणी सर्वांत पातळ पातंही जाईना, म्हणजे फट शून्य, कदाचित शून्याच्याही खाली. उरलेल्या ०.१० ते ०.२०.

कारण सरळ आहे. सीट कापली आणि व्हॉल्व्हचा चेहरा ग्राइंड केला की व्हॉल्व्ह हेडमध्ये जरा आत बसतो. आत बसला की त्याचं टोक वरच्या बाजूनं तेवढंच वर येतं आणि फट खातं. एक्झॉस्टच्या सीट जास्त खराब होत्या, म्हणून जास्त कापल्या, म्हणून तिथली फट जास्त गेली. त्यात बकेट पिशवीत मिसळलेल्या, म्हणून एका ठिकाणी ०.२७ आणि शेजारी ०.०८ असे उलटसुलट आकडे.

लेथवाल्यांनी फटीचा विचार का केला नाही, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. माझं उत्तर असं: उद्यमनगरातला हात ऑइल इंजिनांवर, डिझेलवर आणि जुन्या गाड्यांवर तयार झालेला आहे. पद्मिनी घ्या, मारुती ८०० घ्या, रॉकरला स्क्रू आणि लॉक नट असायचा. सीट कितीही कापली तरी शेवटी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन टॅपेट सेट व्हायचे. "टॅपेट मागनं सेट करू" हे वाक्य तिथे चूक नव्हतं. बकेटच्या इंजिनमध्ये मागून सेट करायला काही उरत नाही. लेथवाल्यांचं काम वाईट नव्हतं. ते एक पायरी आधी थांबलं, आणि ती पायरी गॅरेजची आहे की लेथची, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मालकांना आणि थोडा मिस्त्रीलाही आवडणारा: बांधून चालू करू, टॅपेट वाजले तर बघू. याला मी ठाम नकार दिला, आणि हे सगळ्यांनी समजून घ्यावं असं वाटतं. टॅपेट वाजतात ते फट जास्त असली की. फट शून्य असली की इंजिन गुपचूप चालतं, नेहमीपेक्षा शांत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि सीटवर पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर कड जळते. आणि "चालून चालून बसेल" ही आशा उलट्या दिशेची आहे. व्हॉल्व्ह आणि सीट झिजतात तशी फट आणखी कमी होते.

दुसरा पर्याय, हेड आहे तिथेच ठेवून फक्त बकेट बदलायच्या. हा नीट तपासला. फट शून्य असली की किती कमी आहे ते कळत नाही, म्हणून यादीतली सर्वांत पातळ, ३.०० मिमीची एक बकेट आणली आणि ती तिन्ही शून्याच्या जागी आळीपाळीनं घालून मापली. दोन जागी ०.३४ आणि ०.३२ आली, म्हणजे तिथे ३.०४ आणि ३.०२ चालतील. हिशेब एवढाच: आतल्या बकेटची जाडी, अधिक मापलेली फट, वजा हवी ती फट. दुसऱ्या सिलिंडरच्या मागच्या एक्झॉस्टला मात्र ३.०० घालूनही फट ०.१६ च आली. तिथे २.८६ ची बकेट लागते, आणि ती मिळत नाही.

म्हणजे सोळापैकी एका व्हॉल्व्हसाठी आवळलेलं हेड परत उतरवायचं का, असा प्रश्न उभा राहिला. नवी गॅस्केट एकदा दबली की गेली. बोल्ट टॉर्क अधिक अंशांचे, ताणले गेलेले. दोन्ही परत घ्यायचे. मिस्त्रीनं सुचवलं की बकेटच्या आतलं बोंड (व्हॉल्व्हच्या टोकावर टेकणारा उंचवटा) सरफेस ग्राइंडरवर घासून आणू. हे लोक करतात, चालतंही. पण बकेटचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, तो थर किती खोल आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि घासलेलं तोंड काटकोनात राहिलं नाही तर बकेट एका कडेनं दाबली जाते. बकेट फुटली तर तुकडे थेट ऑइलमध्ये. मला पटलं नाही.

तिसरा पर्याय, हेड उतरवून त्या व्हॉल्व्हचं टोक ग्राइंड करायचं. कौल शेवटी त्या आटे गेलेल्या भोकामुळे लागला. तिथे हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) बसवायला ड्रिल आणि टॅप चालवायचा होता. हेड ब्लॉकवर असताना ॲल्युमिनियमचा कीस ऑइलच्या वाटेत पडण्याची भीती. नुसतं भोक असतं तर टॅपला ग्रीस लावून, चिंध्या कोंबून जागेवरच केलं असतं. नुसता व्हॉल्व्ह असता तरी मी उतरवाच म्हटलं असतं, पण गॅरेजमध्ये वाद झाला असता. दोन्ही एकत्र आल्यावर वाद मिटला. मालकांना फोन करून खर्च आणि उशीर दोन्ही आधी सांगितले. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "गौरीपर्यंत तरी द्या."

प्रत्यक्ष काम

हेड उतरवल्यावर पिस्टनच्या डोक्यांवर व्हॉल्व्ह लागल्याची खूण आहे का ते बघितलं. नव्हती. हेड उलटं ठेवून चारही चेंबरमध्ये रॉकेल ओतलं आणि पोर्टमध्ये झिरपतंय का याची वाट बघितली. कोरडं राहिलं. त्या रात्रीच्या टी-पान्यानं एवढ्यावर सोडलं हे नशीबच.

टोक ग्राइंड करताना दोन मर्यादा पाळल्या. पाव मिमीच्या पुढे जायचं नाही, कारण टोकाचा कठीण थर संपतो. आणि घासल्यानंतरही टोक कॉलेट आणि रिटेनरच्या (व्हॉल्व्हला स्प्रिंगशी धरून ठेवणारे भाग) वर स्पष्ट उभं राहिलं पाहिजे, नाहीतर बकेट व्हॉल्व्हऐवजी रिटेनरवर टेकते आणि चालत्या इंजिनमध्ये कॉलेट सुटू शकतात. ०.१५ मिमी काढलं. ३.०० च्या बकेटनं फट ०.३१ आली.

मग बकेटचा हिशेब. आतले छापील आकडे पुसट झाले होते, म्हणून सोळाही मायक्रोमीटरनं मापून वहीत लिहिल्या. मूळ जागा हरवल्याच होत्या, त्यामुळे अदलाबदल करायला आता संकोच नव्हता. फक्त प्रत्येक बकेट तिच्या नव्या घरात ऑइल लावून स्वतःच्या वजनानं उतरते आणि बोटानं फिरते एवढं बघितलं. मिस्त्रीला वाटत होतं की नुसत्या अदलाबदलीनं सगळं भागेल. तसं होत नाही. सगळ्या सीट कापल्यामुळे सगळ्या फटी एकाच दिशेनं सरकल्या आहेत, आणि बकेट आपापसांत फिरवून एकूण जाडी कमी होत नाही. सहा जागा जुन्यांनी भागल्या. दहा नव्या आणल्या, आणि हेच बिल सर्वांत मोठं निघालं.

हे सगळं हेड टेबलावर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून केलं. सपाट टेबलावर ठेवलं तर कॅम दाबला की उघडणारा व्हॉल्व्ह टेबलाला लागतो.

हेड दुसऱ्यांदा चढलं, या वेळी क्रँक ९० अंशांवरच ठेवून. आता कॅम बसवण्याची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण आटे तिथेच गेले होते.

कॅम कसाही ठेवला तरी काही लोब व्हॉल्व्हवर टेकतातच. त्यामुळे शाफ्ट घरात बसत नाही, एक बाजू उचललेली राहते. आमच्या इथे एक्झॉस्टची मधली कॅप ठेवली तेव्हा तिच्याखाली बोट जाईल न जाईल एवढी फट होती आणि बोल्टचे जेमतेम चार-पाच आटे धरत होते. त्या अवस्थेत एक बोल्ट आवळत नेला की अख्ख्या स्प्रिंगचा जोर त्या चार-पाच आट्यांवर येतो. हेड ॲल्युमिनियमचं, आटे सुटतात. आटे टिकले तर कॅम वाकतो. बीडाचा कॅम वाकतही नाही, दोन कॅपच्या मधे तडकन तुटतो.

म्हणून: घरं, लोब आणि बकेटची तोंडं ऑइलनं भिजवली. बोल्टची भोकं हवेनं कोरडी केली, कारण बंद भोकात ऑइल साचलं तर बोल्ट खाली न जाता टॉर्क दाखवतो आणि भोक फुटूही शकतं. कॅम मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कोनात ठेवले. कॅप खुणा वाचून, बाण टायमिंगकडे करून ठेवल्या, आणि मिस्त्रीनं प्रत्येक खूण मोठ्यानं वाचली. सगळे बोल्ट बोटानं लागतील तेवढे लावले. मग मधल्या कॅपपासून बाहेर, प्रत्येक बोल्टला अर्धा आटा, परत मधून बाहेर. घाई झाली की कॅप तिरकी होते. डोळा हेडच्या पातळीत आणून बघितलं की कळतं. सगळ्या कॅप हेडला टेकल्यावरच टॉर्क रेंच हातात घेतला, आधी ६ आणि मग ११ न्यूटन-मीटर. रेंच शेजारच्या दुचाकीच्या वर्कशॉपमधून मागून आणला होता. त्यांच्याकडे एम-६ चे बोल्ट रोजचेच, त्यामुळे पाव इंचाचा रेंच असतोच.

कॅम बसल्यावर सगळ्या फटी परत मापल्या. हेड आवळल्यामुळे एक-दोन ठिकाणी शतांशाचा फरक पडला, सगळं मर्यादेत. मग क्रँक जवळच्या बाजूनं टीडीसीवर आणला आणि चेनच्या रंगीत कड्या तिन्ही स्प्रॉकेटच्या खुणांवर जुळवल्या. टेन्शनरची (चेन ताणून धरणारा भाग) पिन काढली. पाना लावून हातानं क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या दिल्या. मिस्त्री दचकला, कारण रंगीत कड्या आता खुणांवर नव्हत्या. त्या नसतातच. कड्या फक्त बसवताना जुळतात. फेऱ्यांनंतर बघायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा, आणि त्या जुळत होत्या. ०.१५ मिमी फेसिंगमुळे कॅम मागे पडतील का, असंही त्यानं विचारलं. पडतात, पण क्रँकच्या अर्ध्या अंशाच्याही आत. त्याची काळजी करायची नाही.

स्पार्क प्लग काढून, इंजेक्टरची कनेक्शनं सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरवर फिरवलं. घराघरात ऑइल पोचल्यावरच प्लग लावले.

निकाल

चालू केल्यावर चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंद आला आणि टेन्शनरमध्ये ऑइल भरल्यावर थांबला. थंड इंजिनवर टॅपेटचा बारीक टकटक आवाज येत होता. मालकांना तो खटकला, "आधी असा आवाज नव्हता" म्हणाले. आधी फटी कमी असणार, असं माझं मत आहे, पण उतरवण्याआधीची मापं नसल्यामुळे ते सिद्ध करता येत नाही. गरम कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना १३ ते १३.५ किलोच्या मधे आलं. ज्या होजच्या जोडामुळे हे सगळं सुरू झालं तो होज आणि क्लिप दोन्ही बदलले. हे लिहायचं कारण, हेडच्या गडबडीत मूळ गळती तशीच ठेवून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

गाडी गौरीच्या आदल्या दिवशी दिली. हजार किलोमीटरनंतर परत मागवून थंड असताना फटी मापल्या. एक्झॉस्टच्या काही ०.०१ ते ०.०२ नं कमी झाल्या होत्या, नव्या कापलेल्या सीट बसतात तशा. काही बदलावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी बचत हेड उतरवण्याआधी झाली असती. कव्हर काढल्यावर, चेन सोडण्याआधी, सोळा फटी मापून लिहून ठेवायला फार वेळ लागत नाही. ते आकडे लेथवाल्यांकडे गेले असते तर सीट कापल्यावर व्हॉल्व्हचं टोक किती वर आलं ते त्यांना मापून, तिथल्या तिथे घासता आलं असतं. त्यांच्याकडे व्हॉल्व्ह ग्राइंडर आहेच. आपल्याला लागला तो दुसरा फेरा.

कॅप आणि बकेट गॅरेजमध्येच ठेवून घ्यायला हव्या होत्या. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे त्यासाठी उत्तम, कडेला पेननं सिलिंडरचा नंबर लिहायचा. लेथवर फक्त हेड आणि व्हॉल्व्ह पाठवायचे. पण कॅमच्या घरांचं काम सांगायचं असेल तर कॅप पाठवाव्याच लागतात. तेव्हा त्या आपापल्या जागी बोल्टनं लावूनच पाठवाव्यात.

हेड ब्लॉकवर आवळण्याआधी टेबलावर कॅम बसवून बघणं, हे माझ्या मते या प्रकरणातलं निर्णायक ठिकाण. या इंजिनमध्ये हेडचे बोल्ट कॅमच्या खाली येतात, त्यामुळे टेबलावर बसवलेले कॅम परत काढावेच लागतात, आणि म्हणूनच कुणी ते करत नाही. पण चुकीच्या कॅप, वाकलेली घरं, गेलेली फट, तिन्ही गोष्टी टेबलावर एका गॅस्केटच्या आणि बोल्टच्या सेटच्या खर्चाशिवाय कळल्या असत्या.

एका मुद्द्यावर मिस्त्रीचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, दहा नव्या बकेट घेण्याऐवजी आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टोकं घासली असती तर मालकांचे पैसे वाचले असते, आणि हेड तर उतरवलेलंच होतं. पाव मिमीच्या मर्यादेत ते बसलंही असतं, हे खरं. माझी अडचण पुढच्या वेळेची आहे. टोक एकदा घासलं की ती सोय संपते आणि पुढच्या सीट कटिंगला नवे व्हॉल्व्हच लागतात. गाडी जुनी असेल, मालक दोन वर्षांत विकणार असेल, तर त्याचा हिशेब बरोबर. या मालकांनी गाडी ठेवायची म्हटलं होतं.

त्या गॅरेजमध्ये आता पाव इंचाचा टॉर्क रेंच आहे. लेथला हेड पाठवताना सोबत एक चिठ्ठी जाते: इंजिन बकेटचं आहे की स्क्रूचं, आधीच्या फटी किती होत्या, आणि सीट कापल्यावर टोकाची उंची मापून कळवा.